आपत्ती-अनुदानाचे वर्गस्वरूप

26 फेब्रुवारी 2024 रोजी अमेरिकेतील टेक्सास राज्याच्या उत्तर टोकाला वणवा पेटला. दहा लाख एकरांहून अधिक मुलूख जाळणारा हा त्या राज्याच्या इतिहासातील सर्वांत मोठा वणवा होय. हेम्फिल काउंटीसारख्या विरळ वस्तीच्या भागात हजारो गुरे होरपळून मेली. सड आणि खूर भाजलेली कित्येक जनावरे मालकांना गोळी घालून मारावी लागली. एक्सेल एनर्जी या वीज कंपनीने, आग आपल्याच यंत्रणेमुळे लागली असावी, असे कबूल केले. निष्काळजीपणाचा आरोप मात्र नाकारला.

‘सरकारने बाजारात ढवळाढवळ करू नये’ असे सांगणाऱ्या पक्षाला हा भाग भरभरून मते देत आला आहे. आपत्ती आली की मात्र सरकारी तिजोरीचे दार ठोठावण्यास कोणी लाजत नाही. लाजूही नये. छोट्या पशुपालकाचे दुःख खरे आहे आणि त्याला मदत मिळालीच पाहिजे. प्रश्न वेगळाच आहे: ही मदत कोणत्या मापाने मोजली जाते?

ते माप आहे मालकीचे. 2008 च्या शेती कायद्यातून जन्मलेली आणि 2014 मध्ये कायम झालेली पशुधन नुकसानभरपाई योजना मेलेल्या जनावराच्या बाजारभावाच्या 75 टक्के रक्कम देते. अवर्षणासाठीच्या दुसऱ्या योजनेत काउंटीचा एखादा भाग जरी ठराविक तीव्रतेच्या अवर्षणात सापडला, तरी तेथील चराऊ कुरणवाल्यांना जनावरागणिक पैसे मिळू शकतात. ज्याची गुरे अधिक त्याचे अनुदान अधिक. त्याच गुरांमागे घोड्यावरून राबणाऱ्या रोजंदार गुराख्याचे स्वतःचे जनावर नसते, म्हणून या योजनांच्या हिशेबात तो नाहीच!

वार्षिक 9 लाख डॉलरहून अधिक उत्पन्न असणाऱ्यांना वगळले होते, असे समर्थक सांगतील. ‘गरजू’ कोणाला म्हणतात, हे या आकड्यावरूनच कळावे. पण ज्याचे 75 टक्के उत्पन्न शेती-पशुपालनातून येते त्याच्यासाठी 2025 च्या कायद्याने तीही अट सैल केली. आपल्याकडे 2022 च्या केंद्रीय निकषांत दुभत्या गाई-म्हशीमागे 37,500 रुपये आणि तेही एका कुटुंबास जास्तीत जास्त तीन जनावरांपुरतेच, असे बंधन होते.

आणि अनुदानावर तगून राहिलेला छोटा पशुपालक अखेर कोणासाठी गुरे वाढवतो? खुराकावर पुष्ट केलेल्या गुरांच्या कत्तलीचा सुमारे 85 टक्के धंदा टायसन, जेबीएस, कारगिल आणि नॅशनल बीफ या चारच कंपन्यांच्या मुठीत आहे. खरेदीदार चार आणि विकणारे लाखो, तेथे भाव कोण ठरवणार? अवर्षणाची, वणव्याची जोखीम सोसायची पशुपालकाने व करदात्याने. मक्तेदारांना मात्र कच्चा माल अखंड मिळत राहतो. त्यांच्या नफ्याला हात लावणारे कलम या आपत्ती-योजनांत शोधून सापडणार नाही.

याच योजनेत मृत गुरांपोटी एका मालकाला द्यावयाच्या रकमेवर पूर्वी कमाल मर्यादा होती. अमेरिकन काँग्रेसने ती फेब्रुवारी 2018 मध्ये उठवली. त्याच वर्षी मे महिन्यात त्याच सरकारने, भारत आपल्या गहू व भात पिकवणाऱ्या शेतकऱ्यांना हमीभावाच्या रूपाने मर्यादेबाहेर साहाय्य देतो, अशी तक्रार जागतिक व्यापार संघटनेत नोंदवली.