डबा पुढच्या खोलीत, अभ्यास मागच्या खोलीत



आपल्या वस्त्यांतूनही आता फायबरची जोडणी घेणारी घरे वाढली आहेत. जोडणी देणारा मुलगा येतो, खांबावरून तार ओढतो, दाराशेजारी भिंतीला भोक पाडतो आणि तेथेच टीव्हीजवळ राउटरचा डबा ठोकून निघून जातो. घरातल्यांना वाटते, घरात वाय-फाय आले. प्रत्यक्षात ते पुढच्या खोलीत आलेले असते. मागच्या खोलीत एखादी कांडी दिसते, अंगणात तीही जाते.

यात एवढे काय बिघडले, असे कोणी विचारील. जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत रोलिंग मिलची रात्रपाळी करून आलेला माणूस सकाळी पुढच्या खोलीत झोपतो. संध्याकाळी तेथेच टीव्ही लागतो, आल्यागेल्याची ऊठबस होते. बारावीची किंवा भरतीची तयारी करणारी मुलगी बसते मागे, पत्र्याच्या खोलीत, नाहीतर गच्चीवर. म्हणजे दरमहा पैसे भरायचे शिक्षणाच्या नावाने आणि रेंज मिळायची टीव्हीला. मुलगा मोबाइल घेऊन चौकात जाऊन बसतो, त्याला कोणी काही म्हणत नाही. मुलीला ती मुभा आपणच देत नाही. २०२० सालच्या टाळेबंदीत शाळा मोबाइलवर भरू लागल्या, तेव्हा रेंजसाठी टेकडीवर आणि झाडावर चढणारी मुले आपण पाहिली. आता रेंज दारापर्यंत आली आहे. उरलेले वीस-पंचवीस फूट आपल्याच घरातले आहेत, म्हणून हा विषय आम्ही कुटुंबाच्या पानावर घेतला.

बाबासाहेबांच्या विद्यार्थिदशेत त्यांचे कुटुंब परळच्या चाळीत एका खोलीत राहत होते. रामजी सुभेदारांनी त्यावर तोड काढली. भीमरावाने लवकर झोपायचे, वडिलांनी जागे राहायचे आणि रात्री दोनच्या सुमारास मुलाला उठवून अभ्यासाला बसवायचे. खोली वाढवता येत नव्हती, तेव्हा त्यांनी वेळ वाटून घेतली आणि घराची मांडणी अभ्यासाच्या बाजूने केली. आपल्याला तर एक डबा हलवायचा आहे.

आपल्या घरांची रचनाच या लहरींना आडवी येते. रमाई आवास योजनेतले २६९ चौरस फुटांचे घरकुल पुढे, त्यामागे जुनी पत्र्याची खोली, मग न्हाणी आणि अंगण, असे चित्र वस्तीत जागोजागी दिसते. लोखंडी पत्र्यावर वाय-फायच्या लहरी आदळून परत फिरतात. स्लॅबमध्ये सळईची जाळी असते, तीही लहरी अडवते. जालना सळईचे गाव, तेव्हा आपल्या स्लॅबमध्ये लोखंडाची कमतरता नाही! पाण्याने भरलेली टाकी आणि लोखंडी कपाट हेही अडथळेच. मळ्यात राहणाऱ्यांनी मोसंबीची बाग हिशेबात धरावी, कारण पानांतले पाणी लहरी शोषून घेते.

वाय-फायच्या लहरी मुख्यतः दोन प्रकारच्या असतात. २.४ गिगाहर्ट्झच्या लांब पल्ला गाठतात आणि भिंतीतून बऱ्यापैकी पार होतात, पण त्यांचा वेग कमी. ५ गिगाहर्ट्झच्या वेगवान, पण एका भिंतीत दमतात. राउटरवर दोन नावे दिसत असतील तर मागच्या खोलीतला मोबाइल २.४ वाल्या नावाला जोडावा. व्हिडिओवरचा तास पाहण्यास तेवढा वेग पुष्कळ होतो.

पहिला उपाय बिनपैशाचा, आणि तोच लोक करीत नाहीत. डबा घराच्या मध्यावर, छातीच्या वर, उघड्या फळीवर आणावा. टीव्हीच्या पाठीमागे किंवा कपाटात ठेवू नये. दोन खोल्यांमधल्या दाराच्या वर जागा असेल तर उत्तम, कारण लहरींना दाराच्या पोकळीतून वाट मिळते. अँटेना उभ्या ठेवल्या की लहरी आडव्या पसरतात. गच्चीवर रेंज हवी असेल तर एक अँटेना आडवी करून पाहावी. फायबरची तार काचेची, जास्त वाकवली तर तुटते, म्हणून ती स्वतः ओढू नये. नवी जोडणी घेताना मात्र त्या मुलाला ठामपणे सांगावे की तार मधल्या भिंतीपर्यंत आण. तार भिंतीत आल्यावर सांगून उपयोग नसतो.

एवढ्याने भागले नाही, तर बाजारात रिपीटर मिळतो. हा सॉकेटमध्ये खोचायचा छोटा डबा मूळ राउटरच्या लहरी ऐकतो आणि पुढे पाठवतो. बहुतेक जण तो जेथे रेंज नाही त्या खोलीतच लावतात. जेथे ऐकूच येत नाही तेथे तो पुढे काय पाठवणार? त्याची जागा निम्म्या वाटेवर, जेथे अजून चांगली रेंज आहे तेथे. स्वस्तातला रिपीटर एकाच लहरीवर आलटून पालटून ऐकतो आणि बोलतो, त्यामुळे वेग जवळजवळ अर्धा होतो, हेही जाणून घ्यावे.

आमचे मत विचाराल तर वायर टाकावी. आम्ही पेशाने कारकून, हिशेब मांडल्याशिवाय आम्हाला चैन पडत नाही. पत्र्याच्या खोलीपर्यंत पंधरा-वीस मीटर लॅन केबल जाते आणि ही केबल १०० मीटरपर्यंत बिनघोर चालते. तिच्या टोकाला जुना राउटर लावता येतो. ज्यांनी कंपनी बदलली त्यांच्या घरी किंवा मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात असा राउटर पडलेला असतो. जुन्या राउटरमधली ‘डीएचसीपी’ ही सोय बंद करायची, त्याचा पत्ता पहिल्या राउटरपेक्षा वेगळा ठेवायचा आणि केबल त्याच्या ‘लॅन’ लिहिलेल्या खाचेत घालायची. संगणकाचा कोर्स केलेल्या वस्तीतल्या मुलामुलीला हे अर्ध्या तासाचे काम आहे. मुलीकडूनच करून घ्यावे, असे आम्ही सुचवू. पत्र्याने जी लहर अडवली ती वायरीने आत नेली की तोच पत्रा लहरी खोलीत धरून ठेवतो.

दोन-तीन डबे मिळून एकच जाळे करणारी ‘मेश’ नावाची पद्धतही आहे. ती चांगली, पण महाग. तीन मजली घरासाठी ठीक. आपल्या दोन-तीन खोल्यांना वायर पुरते.

हिशेब निघालाच आहे तर आणखी एक. मोबाइलचा २८ दिवसांचा रिचार्ज वर्षात बारा वेळा नव्हे, तेरा वेळा करावा लागतो. घरात तीन मोबाइल असले तर एकोणचाळीस रिचार्ज. सगळ्या घरात आणि अंगणात वाय-फाय पोहोचले, तर घराबाहेर फारसे न पडणाऱ्या आजी-आजोबांना इंटरनेटचा रिचार्ज कशाला हवा? केवळ बोलणे आणि संदेश यांचेही रिचार्ज ठेवावेत, असा नियम दूरसंचार नियामक प्राधिकरणाने डिसेंबर २०२४ मध्ये केला आहे. दुकानदार आपणहून सांगत नाही, विचारावे लागते.

आता बाहेरचे. अंगण, गच्ची किंवा विहाराचे पटांगण यांसाठी वेगळा डबा मिळतो. तो ऊन-पाऊस सोसतो आणि त्याला वीजही त्याच लॅन केबलमधून मिळते, म्हणून बाहेर सॉकेट लागत नाही. घरातला डबा पिशवीत बांधून खांबाला लटकवू नये. मराठवाड्याच्या उन्हात तो टिकणार नाही. बाहेरची केबलही उन्हासाठी बनवलेली, जाड काळ्या आवरणाची घ्यावी. यासाठी परवाना लागतो का, अशी शंका काहींना असते. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा सरकारने जानेवारी २००५ मध्ये परवानामुक्त केला. ५ गिगाहर्ट्झचा बराचसा पट्टा मात्र फक्त इमारतीच्या आत मोकळा होता. तो ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेने बाहेरही मोकळा झाला. ठरलेल्या शक्तीच्या मर्यादेत आपल्या अंगणात वाय-फाय लावायला कोणाची परवानगी नको.

शेजाऱ्याला पासवर्ड द्यावा का? आपल्या वस्तीत वाटी साखरेची देवघेव चालते, तशी हीही चालते. पण जोडणी ज्याच्या नावावर, तिच्या गैरवापराचा जाब पोलीस त्यालाच आधी विचारतात. राउटरवर पाहुण्यांसाठी वेगळे नाव काढता येते, ते वापरावे आणि त्याचा पासवर्ड अधूनमधून बदलावा. राउटरच्या आतल्या बाजूचा कंपनीने दिलेला पासवर्ड तर पहिल्याच दिवशी बदलावा. पैसे घेऊन वाय-फाय वाटायचे असेल तर ‘पीएम वाणी’ ही योजना आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने ती डिसेंबर २०२० मध्ये मंजूर केली. तिच्यात किराणा दुकानदार किंवा संस्थाही परवाना आणि नोंदणी शुल्काशिवाय सार्वजनिक वाय-फाय केंद्र चालवू शकते.

विहार समित्यांनी या योजनेचा विचार करावा. वर्षावासात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन विहारात होते, तेव्हा पटांगण भरलेले असते. उरलेल्या महिन्यांत संध्याकाळी त्याला कुलूप असते. तेथे दोन दिवे, चार बाकडी आणि बाहेरचा एक डबा बसवला तर घरी जागा नसलेल्या मुलांची सोय होईल. भारत सरकारने बाबासाहेबांच्या इंग्रजी ग्रंथांचे खंड इंटरनेटवर विनामूल्य ठेवले आहेत, तेही मुले तेथे वाचतील. बिल कोण भरणार, यावरून समितीत दोन बैठका भांडणात जातील, हे आम्ही गृहीत धरतो. तिसऱ्या बैठकीला मुलींच्या आयांना बोलवा, निर्णय होईल. मुली अंधारात घरी कशा जातील, याचीही जबाबदारी त्याच बैठकीत कोणावर तरी सोपवा.

विजेबाबत दोन गोष्टी. वीज गेली की राउटर बंद पडतो, म्हणून त्याच्यासाठी छोटा बॅटरीचा डबा मिळतो. राउटरवर १२ व्होल्ट लिहिले असेल तर तेवढ्याच व्होल्टचा घ्यावा. काही तास निघतात. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. मे-जूनमध्ये आपल्याकडे विजा पडतात. गच्चीवर गेलेली लॅन केबल तांब्याची असते आणि जवळ वीज पडली की झटका तिच्यातून घरात उतरू शकतो. बाहेरचा डबा गच्चीच्या सर्वांत उंच टोकाला लावू नका, कठड्याच्या आत ठेवा. ढग गडगडू लागण्याआधीच प्लग आणि लॅन केबल दोन्ही काढून ठेवा, आणि गच्चीवर अभ्यासाला बसलेल्या मुलीला खाली बोलवा.