पाकपुस्तकांतील जमाखर्च

पाकशास्त्रावरील पुस्तकांना आपल्याकडे वाङ्मयाच्या पंक्तीत सहसा कोणी बसवीत नाही. वस्तुतः अर्थशास्त्राच्या अभ्यासकाने ज्या ग्रंथांकडे प्रथम वळावे, त्यांत या पुस्तकांची गणना व्हावयास हवी. समाज काय पिकवतो, काय विकत घेतो आणि कोणाचे श्रम हिशेबात धरीत नाही, हे त्यांतून जितके स्पष्ट दिसते तितके सरकारी अहवालांतून क्वचितच दिसते. मात्र कोणाच्या चुलीचे पुस्तक होते आणि कोणाच्या चुलीचे होत नाही, हा प्रश्नही त्याबरोबरच विचारला पाहिजे.

सोलापूरपासून फार दूर नसलेल्या कल्याणात, म्हणजे आजच्या बसवकल्याणात, बाराव्या शतकात चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावर असलेला 'मानसोल्लास' सिद्ध झाला. त्यातील अन्नभोगाचे वर्णन आजही चवीने वाचावे असे आहे. परंतु तो राजाचा मुदपाकखाना होता. पुढे १९१० मध्ये लक्ष्मीबाई धुरंधरांचे 'गृहिणी-मित्र अथवा हजार पाकक्रिया' हे पुस्तक आले आणि पाकविद्या छापील रूपाने गृहिणीच्या हाती आली. १९७० मध्ये कमलाबाई ओगले यांची 'रुचिरा' प्रसिद्ध झाली. तिच्या यशाचे एक रहस्य मापात आहे. घरात तराजू नसला तरी वाटी आणि चमचा असतोच, हे कमलाबाईंनी ओळखले. एकत्र कुटुंबात सासूकडून सुनेकडे जाणारे ज्ञान, विभक्त संसार थाटणाऱ्या मुलीला त्यांनी प्रमाणासह उपलब्ध करून दिले. प्रस्तुत लेखकाच्या मते हे कार्य कोणत्याही पाठ्यपुस्तकाहून कमी मोलाचे नाही.

त्यानंतर दोनच वर्षांनी, १९७२ मध्ये, महाराष्ट्रावर भीषण दुष्काळ कोसळला. आपल्या जिल्ह्यातील हजारो स्त्रिया खडी फोडण्याच्या कामावर गेल्या. परदेशातून आलेला तांबडा मिलो आणि कामावर मिळणारी सुकडी यांवर घरे जगली. एकाच राज्यात, जवळजवळ एकाच काळात या दोन चुली पेटत होत्या. एकीचे पुस्तक झाले. दुसरीचे झाले नाही.

ही उणीव दाखवून देणारे पुस्तक आपल्या शेजारून, मराठवाड्यातून आले. शाहू पाटोळे यांच्या 'अन्न हे अपूर्णब्रह्म' (२०१५) या ग्रंथात तेथील दलितांच्या स्वयंपाकाची नोंद आहे. त्यातील चान्या, म्हणजे वाळवून ठेवलेले मांस, केवळ पदार्थ म्हणून येत नाहीत. जातीने कोणाच्या वाट्याला काय ठेवले, याचा तो पुरावा आहे. २०२४ मध्ये हा ग्रंथ इंग्रजीतही गेला.

सोलापूरची सामग्री काय थोडी आहे? मोहोळच्या केंद्रात निवड झालेले 'मालदांडी ३५-१' हे ज्वारीचे वाण, प्रवासात टिकणारी कडक भाकरी, उखळात कुटलेली शेंगाची चटणी, हुलग्याचे माडगे. तेलंगणातून आलेल्या विणकरांच्या घरचा आंबट-तिखट स्वयंपाक. दिवसभर विड्या वळून रात्री चुलीपुढे बसणाऱ्या बाईचा दोन पदार्थांत उरकलेला संसार. हे सर्व एका ग्रंथात यावयास नको काय?

पाककृती आता भ्रमणध्वनीवर दिसतात, मग पुस्तक कशाला, असे कोणी म्हणेल. तेथे पदार्थ दिसतो, हे खरे. पण तो कोणत्या टंचाईतून जन्मला, किती सरपणात होत असे आणि घरात शेवटी कोण जेवत असे, हे सहसा दिसत नाही.

हे काम महाविद्यालयांनी आणि वाचनालयांनी हाती घ्यावे. विद्यार्थ्यांनी आपापल्या आजीकडून पदार्थ, माप, ऋतू आणि खर्च लिहून आणावेत. दुष्काळी कामांवर विशीत गेलेल्या स्त्रिया आज सत्तरी ओलांडून गेल्या आहेत. अनुदान मंजूर होईपर्यंत थांबण्याइतका अवकाश त्यांच्यापाशी नाही, आणि म्हणून आपल्यापाशीही नाही.