साथ लांब असते तेव्हाच पैसे द्यावेत

मांडव्याच्या जेट्टीवर परवा गावातल्या एका तरुणाने मला विचारलं, "काका, आफ्रिकेतल्या साथीला आपण पैसे का द्यायचे? इथे पावसाळ्यात गेटवेच्या लाँच बंद, रात्री कोणी आजारी पडलं तर रस्त्याने मुंबई गाठायची." त्याचा राग खरा आहे.

मी मालवाहू बोटींवर फिटर होतो. २०१४ च्या ऑगस्टमध्ये, इबोलाच्या साथीत, आमची बोट बॉक्साइट भरायला गिनीच्या कामसार बंदरात लागली होती. कोणालाही खाली उतरू देत नव्हते. गँगवेवर थर्मामीटर घेऊन पहारा. मालाची मोजणी (टॅली) करणारा गिनीतला पोरगा कागद द्यायला आला की हात लांब करून पायरीवर ठेवायचा आणि मागे सरायचा. आम्हाला त्याची भीती, त्याला आमच्या भीतीची लाज. ते आठवलं की अजून वाईट वाटतं.

गिनीने साथ मार्चमध्येच कळवली होती. जागतिक आणीबाणी जाहीर झाली ८ ऑगस्टला. गिनीसह तीन देशांत ११ हजारांहून जास्त माणसं गेली. भारताने त्या वर्षी सव्वा कोटीच्या आसपास डॉलर देऊ केले, त्यातले २० लाख डॉक्टर-नर्सच्या संरक्षक पोशाखांसाठी. चांगलंच केलं, पण हे पैसे एप्रिलमध्ये पोचायला हवे होते. दरवेळी नव्याने मंजुरी घेण्यापेक्षा राखीव निधी ठेवा आणि पुण्याच्या एनआयव्हीतली (राष्ट्रीय विषाणू संस्था) माणसं पहिल्याच आठवड्यात तिकडे पाठवा. अमेरिकेने २०२५ मध्ये यूएसएड ही परदेशी मदतीची संस्था गुंडाळल्यापासून तर याची गरज वाढली आहे.

मदतीची गरज एकदा आपल्यालाही पडली होती. १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवीत प्लेग निघाला, तो हाँगकाँगच्या वाटेने बोटींतून आल्याचं मानतात. त्यावरची लस ग्रँट मेडिकल कॉलेजात केली ती ओडेसाच्या हाफकिन या शास्त्रज्ञाने, आणि १० जानेवारी १८९७ रोजी पहिली सुई स्वतःलाच टोचून घेतली. आपण बाहेरची मदत घेतलेली माणसं आहोत.

आता त्या तरुणाच्या प्रश्नाचा दुसरा भाग, गावातल्या आजाऱ्यांचा. इबोलाची लक्षणं दिसायला २१ दिवसांपर्यंत लागू शकतात. विमानतळावर धडधाकट दिसलेला खलाशी ताप घेऊन गावीच झोपणार. त्याच्या दारात रोज जाणारी आशाताईच असते. तिचं मानधन थकवून कोणी परदेशी मदतीची घोषणा करत असेल, तर मीही त्या पोराच्या बाजूने उभा राहीन. दोन्ही खर्च एकाच अर्थसंकल्पात, एकाच वर्षी धरा.