वेड लागायलाही मुंबईलाच जायचं का?

मारेगावच्या बसस्टँडवर वणीच्या गाडीची वाट पाहत मी मोबाइलवर कादंबरी वाचत बसलो होतो. बाजूच्या आजोबांनी स्क्रीनमध्ये डोकावून विचारलं, "काय वाचून रायला बापू?" म्हटलं, "मुंबईतल्या एका गुंडाची गोष्ट आहे, आजोबा." "कोनाले मारलं त्यानं?" मी थोडक्यात सांगितलं. त्यांनी मन लावून ऐकलं, मधे दोन प्रश्नही विचारले. मग म्हणाले, "अन् आपल्या इकडचं नाही लिवत काय कोनी?" "लिहितात की. शेतकऱ्यांच्या दुःखावर खूप लिहिलंय." आजोबा तंबाखू मळत म्हणाले, "दुःखाचं नाही इचारलं म्या."

तेवढ्यात गाडी आली आणि आम्ही दोघं चढलो. पण त्या दिवसापासून माझं आणि मराठी पुस्तकांचं जे भांडण सुरू झालं, ते अजून मिटलेलं नाही.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. शहरावरच्या पुस्तकांत फार खून, फार शिव्या, फार वेडे असतात, ही मराठीतली जुनी तक्रार आहे आणि ती माझी नाही. भाऊ पाध्ये यांचं 'वासूनाका' १९६५ साली आलं तेव्हा अश्लीलतेच्या नावानं गदारोळ झाला. ओरडणारे बहुतेक विसरले गेले. नाक्यावरची पोरं अजून वाचली जातात. जयवंत दळवींचं 'चक्र', बाबुराव बागूलांचं 'मरण स्वस्त होत आहे', नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' ही सगळी साधारण दहा वर्षांतली पुस्तकं. त्यांनी एक साधं आणि फार मोठं काम केलं. झोपडीतल्या, फुटपाथवरच्या, धंद्यावरच्या माणसाला मन असतं, ते बिघडतं, त्याला वासना असते, त्याचा हात उठतो, आणि हे सगळं समजून घेण्यासारखं असतं, हे मान्य केलं. नुसती कीव करून सोडलं नाही. इंग्रजीतही तेच. विक्रम चंद्रा यांच्या 'सेक्रेड गेम्स'मध्ये गणेश गायतोंडे हा गँगस्टर शेकडो पानं स्वतःच्या तोंडानं बोलतो. तुमच्यापैकी अनेकांनी तो मालिकेतच भेटलेला असेल. त्यानं माणसं मारली, पण त्याचं ऐकून घ्यायला आपण तयार झालो.

आता मारेगावकडे या. इथल्या माणसाला मराठी साहित्यानं काय दिलं? सहानुभूती. आणि सहानुभूती ही फार कंजूष गोष्ट आहे. ती माणसाला चांगलं असण्याच्या अटीवरच मिळते.

ही अट कुठून आली, ते सांगतो. आमच्याकडे शेतकऱ्यानं आत्महत्या केली की पोलीस ठाण्यात मर्ग दाखल होतो, म्हणजे अकस्मात मृत्यूची नोंद. मग तलाठी, तहसीलदार असं करत प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे जातं. नापिकी, कर्जबाजारीपणा, वसुलीचा तगादा यांमुळे माणूस गेला असं ठरलं तर ते प्रकरण 'पात्र', आणि कुटुंबाला एक लाख रुपये. दारू, घरगुती भांडण, आजार असं काही निघालं तर 'अपात्र'. हे दोन शब्द आमच्याकडे शाळकरी पोरांनाही माहीत असतात. मेलेला माणूस परीक्षेला बसतो आणि त्याची बायको निकालाची वाट पाहते.

आता रमन राघव आठवा. साठच्या दशकात मुंबईत फुटपाथवर झोपलेल्या माणसांना त्यानं ठार मारलं. फाशीची शिक्षा झाली. मग उच्च न्यायालयाच्या सांगण्यावरून मानसोपचारतज्ज्ञांनी त्याला तपासलं, तो मनोरुग्ण असल्याचं सांगितलं आणि फाशीची जन्मठेप झाली. त्याच्यावर सिनेमे निघाले. न्यायालयानं केलं ते योग्यच केलं, वेड्याला फाशी देऊ नये. पण तुलना करून पाहा. शहरातल्या खुन्याचं वेड कागदावर आलं तर त्याचा जीव वाचतो. आमच्या माणसाचं वेड कागदावर आलं तर त्याच्या बायकोचे लाख रुपये जातात.

मग ते कागदावर येतच नाही. मी हे ऐकीव सांगत नाही. आमच्या शेजारचे मामा गेले तेव्हा अर्ज मी लिहिला होता, माझं अक्षर चांगलं म्हणून. मामांना तीन-चार वर्षांपासून आवाज ऐकू यायचे. विहिरीवरच्या मोटारीशी बोलायचे. रात्री उठून मामींना मारायचे, सकाळी काही आठवायचं नाही. एकदा नागपूरच्या मनोरुग्णालयात नेलं होतं, गोळ्याही सुरू झाल्या होत्या, पण दर महिन्याला नागपूर कोण करणार? बसनं अख्खा दिवस जातो. अर्जात मी यातलं काहीच लिहिलं नाही. बोंडअळी लिहिली, सोसायटीचं कर्ज लिहिलं, नोटीस लिहिली. सगळं खरं होतं. आणि तरी ते मामा नव्हते.

मला राग येतो तो इथे. मी अर्ज लिहिताना जे केलं, तेच आमचे कथा-कादंबरीकार करतात, आणि त्यांच्यावर तर लाखाचीही सक्ती नाही. त्यांच्या कथेतला शेतकरी समितीपुढे पात्र ठरेल असाच असतो. तो कष्टाळू असतो. बायकोवर हात टाकत नाही. प्यायलाच तर फक्त शेवटच्या प्रकरणात. शेजाऱ्याचा धुरा कोरत नाही. रात्री त्याच्या डोक्यात काही विचित्र चालत नाही, फक्त व्याजाचा हिशेब चालतो. पाऊस येत नाही, सावकार येतो, तो मरतो. वाचक हळहळतो. पुरस्कार मिळतो.

अपवाद आहेत, आणि ते मोठे आहेत. सदानंद देशमुखांच्या 'बारोमास'मधलं घर आतून चिडलेलं, एकमेकांवर खेकसणारं आहे. सतीश मनवरांचा 'गाभ्रीचा पाऊस' हा सिनेमा मला या विषयावरचा सगळ्यात प्रामाणिक वाटतो, कारण त्यात भीती बायकोच्या नजरेतून दिसते. नवरा दोरीकडे बघतोय की नुसता वर बघतोय, यावर ती पहारा करते, आणि ते पाहताना हसूसुद्धा येतं. महेश एलकुंचवार तर आमच्याच जिल्ह्यातल्या पारव्यात जन्मले. 'वाडा चिरेबंदी'मध्ये माणसं घरातल्या घरात एकमेकांना कशी कुरतडतात, ते त्यांच्याइतकं कोणी दाखवलं नाही. पण तो देशपांड्यांचा वाडा. त्या वाड्याच्या शेतावर राबणाऱ्या सालदाराचं डोकं कधी फिरलं असेल की नाही? कोलामांच्या पोडावर कोणाला रात्रभर झोप येत नसेल की नाही? तिथवर आमचं नाटक पोचलेलं नाही.

याला एक गंभीर उत्तर आहे आणि ते मी टाळणार नाही. माझा एक मित्र शेतकरी संघटनेचं काम करतो. तो म्हणाला, "तू दारू लिही, वेड लिही, मारहाण लिही. उद्या कोणी पुढारी तेच पुस्तक दाखवून म्हणेल, बघा, भावाचा प्रश्नच नाही, ही माणसंच अशी आहेत." त्याचं चुकत नाही. असं बोललं जातं. पण मग मुंबईबद्दल तसं का झालं नाही? जयंत पवारांनी गिरणगावातली गुन्हेगार पोरं लिहिली, तेव्हा १९८२ चा संप आणि बंद गिरण्या विसरल्या गेल्या नाहीत. उलट बंद गिरणी माणसाच्या डोक्यात जाऊन काय करते, ते कळलं. भोंगा थांबल्यावर घरातल्या पोराच्या हातात काय येतं, हे कुठल्याही अहवालापेक्षा त्या कथांतून जास्त समजतं. आणि त्या गिरण्यांत कापूस कुठला जायचा? वऱ्हाडातला. यवतमाळहून मूर्तिजापूरला शकुंतला रेल्वे निघाली तीच कापूस वाहायला. एकाच धाग्याची दोन टोकं. गिरणीकडच्या टोकाला साहित्य मिळालं, शेताकडच्या टोकाला सांत्वन.

आणि गुन्हा म्हणाल तर इथे कमी आहे का? २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर मेले, शेकडो दवाखान्यांत गेले. आमच्या भाषेत त्या विषाला 'औषध' म्हणतात, यावरच एक कादंबरी व्हावी. ते विष मज्जासंस्थेवर जातं, माणूस बडबडायला लागतो, त्याला भान राहत नाही. कोणी काय विकलं, कोणत्या परवान्यावर, कोणी काय मिसळायला सांगितलं, हा शोध घ्यायला विशेष पथक नेमावं लागलं. मृत्यू, विष, विक्रेते, परवाने, तपास. हेच लंडनमध्ये घडलं असतं तर आतापर्यंत तीन सीझन झाले असते. आपल्याकडे 'मास्क घाला' असे फलक लागले. चोरबीटीचं घ्या. बंदी असलेलं बियाणं रात्री येतं, उधारीवर विकलं जातं, उगवलं नाही तर तक्रार कोणाकडे करणार? २०१५ ते २०२१ चंद्रपूर जिल्ह्यात दारूबंदी होती आणि मधे फक्त वर्धा नदी. त्या सहा वर्षांत अलीकडच्या काठावर रात्री काय काय चालत असेल, ते इथल्या कुठल्याही पानटपरीवर विचारा. हे सगळं कुठल्या पुस्तकात आहे? बातमीत. चार ओळी.

सरकारही असंच विभागतं. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे दोन मोठे अहवाल निघतात, एक गुन्ह्यांचा आणि एक अपघाती मृत्यू व आत्महत्यांचा. शेतकरी दुसऱ्यात मोजला जातो. म्हणजे सरकारी हिशेबातही आमच्याकडे गुन्हेगार नसतो, नुसता मृत्यू असतो.

दोस्तोयव्हस्कीचा रस्कोलनिकोव्ह पीटर्सबर्गच्या खोलीत कुढत बसतो आणि शेवटी गहाणवट घेणाऱ्या म्हातारीला कुऱ्हाडीनं मारतो. थोडक्यात, कर्जबाजारी पोरानं सावकारीण मारली. १८६६ ची कादंबरी. नऊ वर्षांनी, १२ मे १८७५ ला, पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर हल्ला केला. जाळले ते कर्जाचे कागद. जीव क्वचितच कोणाचा घेतला. आणि आज मारेगावचा माणूस सावकाराला मारत नाही, कागदही जाळत नाही, स्वतःला संपवतो. ती कुऱ्हाड आत कधी वळली? का वळली? अर्थशास्त्रज्ञाला विचारा, तो भाव आणि पाऊस सांगेल. हे डोक्यात शिरून सांगायचं काम कादंबरीचं आहे, आणि तिथे कादंबरीकार हात जोडून उभा आहे.

खैरलांजीचंही तेच. २००६ साली भंडारा जिल्ह्यातल्या एका खेड्यात एक दलित कुटुंब मारलं गेलं. मारणारे कोणी माफियातले नव्हते, रोज शेतावर जाणारी माणसं होती. गावाची हिंसा म्हणजे हीसुद्धा, हे विसरून 'गावातली माणसं साधी' असं म्हणणाऱ्यांचा मला जास्तच राग येतो. ट्रुमन कपोटीनं कॅन्ससमधल्या गव्हाच्या शेतांमधल्या एका छोट्या गावातले चार खून घेतले, मारणाऱ्यांशी वर्षानुवर्षं बोलला आणि 'इन कोल्ड ब्लड' लिहिलं. गाव लहान होतं म्हणून पुस्तक लहान झालं नाही. आपल्याकडे खेड्यातल्या मारणाऱ्याच्या मनात शिरून लिहिलेली मराठी कादंबरी माझ्या वाचनात तरी आलेली नाही.

आता कोणी म्हणेल, म्हणजे तुला विदर्भाचं 'मिर्झापूर' हवंय. नको रे बाबा. कट्टे आणि शिव्या गावात नेऊन टाकल्यानं गाव कळत नाही, फक्त लोकेशन बदलतं.

२०१९ च्या जानेवारीत यवतमाळला साहित्य संमेलन झालं. नयनतारा सहगल यांना दिलेलं उद्घाटनाचं निमंत्रण मागे घेतलं गेलं आणि मग शेतकऱ्याची पत्नी असलेल्या वैशाली येडे यांच्या हस्ते उद्घाटन झालं. सभागृहातल्यांनी डोळे पुसले. 'शेतकरी विधवा' हे शब्द त्या आठवड्यात किती वेळा छापले गेले, ते मोजायला हवं होतं. वैशालीताई 'तेरवं' या नाटकात काम करायच्या, म्हणजे त्या नटी होत्या, आपली गोष्ट स्वतः रंगमंचावर उभ्या राहून सांगणाऱ्या. ते बातम्यांच्या तळाशी गेलं. आपल्याला विधवा हवी होती, कलावंत नको होती.

(मधेच एक कामाचं. वाचताना कोणाची तरी आठवण येऊन अस्वस्थ झाला असाल, किंवा स्वतःबद्दलच काळजी वाटत असेल, तर टेलि-मानसचा १४४१६ हा नंबर फोनमध्ये ठेवा. फुकट आहे, मराठीत बोलतात, आणि त्यासाठी नागपूरला जावं लागत नाही.)

मामांचं प्रकरण पात्र ठरलं. मामींनी त्यातून आधी सोसायटीचं कर्ज फेडलं. गेल्या दिवाळीला घरी गेलो तेव्हा त्यांनी लोखंडी पेटीतून एक प्लास्टिकची पिशवी काढली. नागपूरची फाइल होती. कार्ड, गोळ्यांच्या चिठ्ठ्या, डॉक्टरांनी इंग्रजीत लिहिलेली दोन पानं. मला म्हणाल्या, "तू शिकलेला हायस, वाचून सांग बरं, त्यायले नेमकं काय झालं होतं." मी वाचून सांगितलं. तासभर लागला. मधे त्यांनी चहा ठेवला, तो उतू गेला. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाल्या, "आता हे ठेवू का जाळू?"

मी म्हटलं, ठेवा.