पुढच्या सीटवरचा माणूस

मुंबई-पुणे सायकल शर्यतीत खोपोलीला गर्दी जमते ती यंदा ‘घाटाचा राजा’ कोण, हे बघायला. बोरघाटात शिंगरोबाच्या देवळाकडे चढताना भल्याभल्यांच्या पोटऱ्या बोलू लागतात. राजा अर्थात एकटाच असतो.

लुईस स्टुअर्ट या तरुण स्कॉटिश ट्रॅक सायकलपटूने मात्र नाव कमावलं ते जोडीने. 2022च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत दृष्टिबाधित नील फॅकीला मागे बसवून त्याने टँडमवर, म्हणजे दोघांनी मिळून चालवायच्या सायकलवर, हजार मीटरचं सुवर्ण जिंकलं. पदक दोघांनाही मिळतं, आणि ते रास्तच आहे. ट्रॅकवरच्या टँडमला ना ब्रेक, ना गिअर. पुढची-मागची पॅडल्स साखळीने जोडलेली, त्यामुळे क्षणभर पाय थांबवायचीही सोय नाही. पुढचा वळणावर कलला की मागच्यानेही तेवढंच कलायचं, न बघता. पुढचा काही पुण्य कमवायला बसलेला नसतो आणि मागचा नुसता डबलसीट नसतो. निम्मी ताकद त्याची असते.

आपल्याकडे पुण्याच्या दिव्यांशू गणात्रा यांनी ऐन तारुण्यात दृष्टी गेल्यावरही 2016 मध्ये टँडमवरून मनाली ते खारदुंग ला गाठलं. त्यांच्या संस्थेत अंध आणि डोळस एकत्र सायकल चालवतात.

रविवारी पहाटे कर्जत-चौक रस्त्यावर हेल्मेटवाले दिसतात. हजारोंची सायकल घेणाऱ्या त्या मंडळींनी वर्गणी काढून एक टँडम घ्यावी. मागच्या सीटसाठी माणूस तालुक्यातच मिळेल. सराव मात्र आधी सपाटीवर. बोरघाट कुठे पळून जात नाही.