रूळ नसलेली ट्राम

गेल्या पंधरवड्यात आपण वृद्धांच्या झोपेविषयी बोललो. त्यानंतर एका वाचक भगिनीने विचारले, ‘सासूबाई तीच ती जुनी गोष्ट दिवसातून दहा वेळा सांगतात. त्यात तपशिलाच्या चुकाही असतात. ऐकून घ्यावे, की चूक दाखवून द्यावी?’ या प्रश्नाचे उत्तर मी पुस्तकातून देऊ शकले असते. परंतु ते मला घरातच, आणि थोडी किंमत मोजून मिळाले. म्हणून आज माझ्या आईविषयी लिहिते.

आई आता पंच्याऐंशी वर्षांची आहे. शिक्षकीतून निवृत्त झाल्यावर मी तिच्यापाशी आलापल्लीला राहायला आले. गेली तीन वर्षे तिची स्मृती मंदावत चालली आहे. सकाळी काय खाल्ले, हे दुपारी आठवत नाही. औषध घेतले की नाही, हे ती चारदा विचारते. पण १९६८ सालच्या मे महिन्यातील मुंबई मात्र तिच्यापाशी अजून शाबूत आहे. दिवेलागणीच्या सुमारास ती अस्वस्थ होते, आणि मग त्या मुंबईचा विषय हटकून निघतो.

त्या प्रवासात मीही होते, नऊ वर्षांची. वडील वनखात्यात, इथल्या लाकूड आगारात कारकून होते. आमचे जग म्हणजे सागवानाच्या रांगा, ओंडक्यांवरचे आकडे आणि संध्याकाळचा कंदील. गडचिरोली जिल्हा तेव्हा झालेला नव्हता. तो १९८२ साली झाला. आम्ही चंद्रपूर जिल्ह्यातले. मोटारीने धुळीच्या रस्त्याने बल्लारशा, तिथून आगगाडीने वर्धा, वर्ध्याला गाडी बदलून मुंबई. मामा माझगावला चाळीत राहत असत. त्यांच्याकडे आम्ही पंधरा दिवस राहिलो.

मोठ्या शहराविषयी आपल्याकडे बोलण्याची एक रीत आहे. तिथे गर्दी, धूर, धावपळ. खरे सुख आपल्या गावात, असे म्हणायचे. मला मात्र मुंबई पाहताक्षणी आवडली, आणि हे कबूल करायला मला आजही संकोच वाटत नाही. बोरीबंदरच्या त्या भव्य स्थानकात उतरल्यावर मी मान वर करून घुमटाकडे पाहत राहिले आणि वडिलांचा हात सुटला, म्हणून ओरडा खाल्ला. दुमजली बसच्या वरच्या मजल्यावर अगदी पुढच्या बाकावर बसले, तेव्हा आपणच बस चालवतो आहोत असे वाटले. गिरगाव चौपाटीवर प्रथम समुद्र पाहिला. चैत्रात वाऱ्याने सागाची वाळलेली पाने सरसरतात, तसाच तो आवाज, फक्त न थांबणारा. आईने ओंजळीत पाणी घेऊन जिभेला लावले आणि तोंड वाकडे करून ती हसली. आईला इतके मोकळे हसताना मी त्याआधी पाहिले नव्हते. मलबार टेकडीवरच्या कमला नेहरू उद्यानातला म्हातारीचा बूट तर माझ्या बालपणाची राजधानीच ठरला.

आईची मुंबई याहून वेगळी होती. तिच्या गोष्टीत बूट नसे, चौपाटी क्वचित असे; ट्राम मात्र हमखास असे. ‘ट्रामीत बसली होती मी, तुमाले दोघाईले घेऊन,’ असे ती सांगे. दोघे म्हणजे मी आणि माझा धाकटा भाऊ.

आता मी आयुष्यभर मुलांच्या वह्या तपासलेल्या. मुंबईतील शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी धावली, हे मला ठाऊक होते. आम्ही गेलो त्याच्या चार वर्षांनी. म्हणून प्रत्येक वेळी मी तिला सांगत असे, ‘आई, तेव्हा ट्राम नव्हतीच. तू बसमध्ये बसली असशील.’ ती म्हणे, ‘बस नोहती वो. वरतं दोन तारा होत्या. खाली रूळ नोहते. आवाज बी नोहता.’ यावर मी हसून म्हणे, ‘रूळ नसलेली ट्राम कुठे असते का?’

एका संध्याकाळी मी कपाटातून जुने पुस्तक काढले आणि ती तारीख तिला वाचून दाखवली. माझा हेतू वाईट नव्हता. तिची स्मृती ताळ्यावर राहावी, असेच मला वाटत होते. आईने पुस्तकाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, ‘असन मंग.’ त्यानंतर तिने मुंबईचा विषय काढणे सोडले. आठ-दहा दिवस संध्याकाळी ती भिंतीकडे तोंड करून बसे. जेवण कमी झाले. प्रश्नाला उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढेच.

मी घाबरले आणि आईवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांशी बोलले. त्यांनी औषधांची यादी तपासली, रक्ताच्या तपासण्या पाहिल्या आणि शेवटी विचारले, ‘त्या गोष्टीतली तारीख बरोबर असून तुम्हाला काय करायचे आहे?’ मला उत्तर सुचले नाही.

पुढे मी या विषयावर थोडे वाचन केले. पूर्वी वृद्धांचे गतकाळात रमणे हे बुद्धी क्षीण झाल्याचे लक्षण मानीत. १९६३ साली रॉबर्ट बटलर या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांनी निराळा विचार मांडला. उतारवयात माणूस आपल्या आयुष्याचा आढावा घेत असतो. ती स्वाभाविक आणि गरजेची मानसिक प्रक्रिया आहे, असे त्यांनी म्हटले. आणखी एक गोष्ट अभ्यासकांना वारंवार आढळली आहे: उतारवयात विचारले असता साधारण दहा ते तीस या वयातील आठवणी लोक अधिक संख्येने सांगतात. मुंबईला गेलो तेव्हा आई अठ्ठावीस वर्षांची होती. स्मृतिभ्रंशात बहुधा अलीकडच्या घटना आधी निसटतात आणि जुन्या बराच काळ टिकतात. आठवणी बोलत्या करण्याचा उपचार म्हणूनही उपयोग केला जातो. त्याने रोग थांबत नाही. लाभ माफक असतो आणि प्रत्येकाला सारखा होत नाही. तरी मन प्रसन्न होणे आणि घरच्यांशी संवाद टिकणे हाही लाभच आहे.

मग मी प्रश्न बदलला. एका संध्याकाळी चहा देताना म्हणाले, ‘आई, त्या ट्रामीत बसलीस तेव्हा तुला कसे वाटले ग?’

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग हळूहळू सांगू लागली. त्या दिवशी वडिलांना ताप होता. मामा कामावर, मामी पाणी भरण्यात गुंतलेल्या. आम्ही दोघांनी बूट पाहायचा हट्ट धरला होता. आईने लुगड्याच्या केळात पैसे खोचले, आम्हा दोघांचे हात धरले आणि ती निघाली. आयुष्यात प्रथमच ती घरच्या पुरुषाशिवाय कुठे निघाली होती. तिकीट तिने स्वतः मागितले. सुटे पैसे मोजून घेतले. उतरायचे ठिकाण शेजारच्या बाईला विचारून घेतले. ‘तेथं मले कोनी ओळखत नोहतं,’ ती म्हणाली. ‘मी कोनाची बायको आहो, कोनाची सून आहो, कोनाले ठाऊक नोहतं. मी तिकीट मांगतलं, तं त्यानं देल्लं.’

मला त्या दिवसातला फक्त बूट आठवत होता. आईला तिथवरचा प्रवास आठवत होता, कारण तो तिचा होता. मी पुस्तकातली तारीख दाखवून तिच्याकडून काय काढून घेतले होते, हे मला तेव्हा कळले.

त्याच आठवड्यात माझगावच्या मामेभावाचा दूरध्वनी आला. तोही आता सत्तरीचा आहे. बोलता बोलता मी त्याला हे सारे सांगितले. तो मोठ्याने हसला. ‘ताई, आत्या बरोबर सांगते आहे. ती ट्रॉलीबस!’ बेस्टने १९६२ ते १९७१ या काळात माझगाव गोदी आणि गवालिया टँक यांच्या दरम्यान ट्रॉलीबस चालवली होती. ट्रामप्रमाणे विजेवर चालणारी. पण रबरी चाकांची आणि रस्त्यावरून धावणारी. तिला रूळ लागत नसत. टपावर दोन दांडे, वर दोन तारा, आणि डिझेलच्या बसपेक्षा आवाज पुष्कळच कमी. गवालिया टँकपासून मलबार टेकडी जवळच. म्हणजे आईने सांगितलेला शब्द न् शब्द खरा होता. फक्त त्या गाडीचे नाव तिला माहीत नव्हते.

ही गोष्ट मी कोणालाही सांगितली की ऐकणारा म्हणतो, ‘पाहा, आईच खरी ठरली!’ पण वाचकहो, मुद्दा तो नाही. ती गाडी खरोखरच साधी बस असती, तरी माझे वागणे चुकीचेच ठरले असते. आई मला वाहनांचा इतिहास सांगत नव्हती. एका दिवशी आपल्याला काय जमले होते, ते सांगत होती.

आमच्या घरी यातून काही सवयी लागल्या. काळजीवाहकांच्या उपयोगी पडतील म्हणून त्या इथे देते.

‘आठवते का?’ असे आम्ही विचारत नाही. तो परीक्षेचा प्रश्न होतो, आणि उत्तर आले नाही की माणूस खजील होतो. त्याऐवजी ‘समुद्राचे पाणी चवीला कसे होते?’, ‘चाळीत सकाळी कसले आवाज येत?’ असे विचारतो. चव, वास, आवाज आणि स्पर्श यांच्या वाटेने आठवण लवकर येते.

गोष्ट पुन्हा सुरू झाली तर ‘हे सांगून झाले’ असे म्हणत नाही. त्यातलाच एखादा नवा धागा विचारतो. मात्र ऐकणाऱ्यालाही थकवा येतो, हे मान्य करायला हवे. म्हणून भाऊ, भाचे, सुना यांनी पाळी लावून घेतली आहे. गप्पा वीस-पंचवीस मिनिटे, संध्याकाळच्या अस्वस्थतेच्या थोड्या आधी.

चूक दुरुस्त करण्याची एकच कसोटी ठेवली आहे: चुकीमुळे अपाय होणार आहे का? औषध, गॅसची शेगडी, पैशांचा व्यवहार आणि एकटीने घराबाहेर पडणे यांबाबत आम्ही सौम्यपणे, पण लगेच सावरतो. साठ वर्षांपूर्वीची तारीख सोडून देतो.

सगळ्याच आठवणी सुखाच्या नसतात. डोळे भरून आले तर घाईने विषय बदलू नये. जवळ बसावे, हात धरावा. परंतु एखादी आठवण वारंवार त्रास देत असेल, तर ती उकरू नये आणि डॉक्टरांना सांगावे.

आणखी एक इशारा. ‘वय झाले’ म्हणून विसराळूपणाकडे दुर्लक्ष करू नये. नाव क्षणभर न आठवणे वेगळे आणि ओळखीच्या रस्त्यावर वाट चुकणे, तोच प्रश्न काही मिनिटांत पुन्हा विचारणे, नेहमीचा स्वयंपाक वा हिशेब न जमणे वेगळे. थायरॉइडचे विकार, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, नैराश्य, काही औषधे आणि कमी ऐकू येणे यांमुळेही विसराळूपणा वाढतो, आणि त्यांवर उपाय आहेत. गोंधळ एक-दोन दिवसांत अचानक वाढला, तर तो संसर्गामुळे किंवा शरीरातील पाणी कमी झाल्यामुळे असू शकतो. अशा वेळी तातडीने दवाखाना गाठावा. आमच्यासारख्या दूरच्या गावांतून मानसिक आरोग्याविषयी सल्ला हवा असल्यास ‘टेलिमानस’चा १४४१६ हा, आणि ज्येष्ठांसाठी ‘एल्डरलाइन’चा १४५६७ हा निःशुल्क क्रमांक आहे.

आई अधूनमधून विचारते, ‘मुंबईले कई जावाचं?’ तिला खरोखरच न्यावे काय, याचा आम्ही विचार केला. इतका लांबचा प्रवास, अनोळखी घर आणि गर्दी यांनी तिचा गोंधळ वाढेल, असे डॉक्टरांचे मत पडले. आम्ही ते मानले. पण ‘आता नाही जमायचे’ असे तिला सांगत नाही. मी विचारते, ‘पहिल्यांदा कुठे जायचे?’ आणि ती सांगू लागते.

मामेभावाने ट्रॉलीबसचे एक जुने कृष्णधवल छायाचित्र मोठे करून पाठवले. ते आम्ही तिच्या पलंगाशेजारी लावले आहे. पहिल्या दिवशी तिने ते बराच वेळ न्याहाळले. मग एका खिडकीवर बोट ठेवून म्हणाली, ‘येथं बसली होती मी.’

मी विचारले, ‘आणि आम्ही दोघं?’

‘तुमी झोपले होते,’ आई म्हणाली. ‘मीच पाहात होती बाहेर.’

पत्र लिहिणाऱ्या भगिनीला माझे उत्तर एवढेच: सासूबाईंची ती गोष्ट आज अकराव्या वेळी ऐकाल, तेव्हा त्यांना विचारून पाहा, त्या दिवशी त्यांच्याबरोबर कोण होते, आणि त्यांना कसे वाटले होते.