सुईचा अहवाल आणि आपला हक्क

उचगावच्या वस्तीत एखाद्या भगिनीच्या गळ्याला गाठ आली की दोन सल्ले मिळतात. एक म्हणतो, सुई टोचली की कॅन्सर पसरतो. दुसरा म्हणतो, सुईत गाठ साधी निघाली, विषय संपला. आमच्या मते दोन्ही अंधश्रद्धाच!

सुईने कॅन्सर पसरणे अत्यंत दुर्मिळ. थायरॉईडच्या बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतातच. कोणती गाठ कापावी, हे ठरवायला ही तपासणी मोलाची आहे. अहवाल स्पष्टपणे 'साधी' वा 'कॅन्सर' असा असेल, तर चूक शंभरात तीन-चारच्या आसपास. मात्र कधी पुरेशा पेशीच सुईत येत नाहीत. त्याचा अर्थ 'कॅन्सर नाही' असा नव्हे; सोनोग्राफीत पाहून सुई पुन्हा घ्यावी लागते. फॉलिक्युलर गाठीचे आवरण भेदले गेले का, हे तर सुईला दिसतच नाही. ते गाठ काढून तपासल्यावरच कळते.

2010 साली पुस्तकरूपाने आलेल्या बेथेस्डा पद्धतीत अहवालाचे सहा वर्ग आहेत. आपला वर्ग कोणता, हे विचारणे उद्धटपणा नव्हे, हक्क आहे. न विचारता पूर्ण ग्रंथी काढली गेली, तर रोजंदारीवरच्या बाईला जन्मभर गोळी घ्यावी लागते.

कोणी मोठा सांगतो म्हणून मानू नका, पारखून घ्या, हीच तथागतांची कालामांना शिकवण. कोल्हापूरच्या सीपीआरमध्ये जा, अहवालाची प्रत मागा. आणि सोनोग्राफीसह ही तपासणी प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात मोफत मिळावी, यासाठी संघटित व्हा!